जायफळाचे मूळ गाव

बिर्याणीच्या मसाल्यात पडणारे, श्रीखंडात किसून घातले जाणारे आणि घरात लहान मुलाचे पोट बिघडले की आजी सहाणेवर उगाळीत असे ते जायफळ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आहे. ते कोठून आले असे विचारले, तर बरेच जण वाण्याच्या दुकानाचे नाव सांगतील. अधिक माहितगार असतील ते केरळचे नाव घेतील. दोन्ही उत्तरे आजच्यापुरती खरी आहेत. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातील जवळजवळ सर्व जायफळ एकाच ठिकाणाहून येत असे, आणि त्या ठिकाणाचे नाव आपल्या शालेय इतिहासात सहसा आढळत नाही. ते ठिकाण म्हणजे बांदा बेटे. सावंतवाडीजवळचे आपले बांदा नव्हे. हे बांदा इंडोनेशियात, जावा बेटाच्या पूर्वेस सुमारे २,००० किलोमीटरांवर, समुद्रात ठिपक्यांसारखे पसरलेले आहे.

इतिहासाच्या पुस्तकात मसाल्याच्या व्यापाराचा धडा असतो. त्यात १४९८ साल असते, वास्को-द-गामा असतो, कालिकत असते. हा धडा शिकविताना कोणी ना कोणी विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, भाजीत घालायच्या मसाल्यासाठी माणसे एवढा समुद्र कशाला ओलांडतील?" प्रश्न योग्य आहे. भाजीसाठी कोणी समुद्र ओलांडीत नाही, औषधासाठी ओलांडतात. त्या काळी जायफळ, लवंग, वेलदोडा ह्या वस्तू वाण्याच्या आधी वैद्य-हकिमांच्या होत्या. म्हणून जायफळाचा माग काढावयाचा तर स्वयंपाकघरातून न निघता औषधाच्या ग्रंथांतून निघावे लागते. आणि अशा ग्रंथांची अखंड परंपरा ज्या देशाने जपली, तो देश म्हणजे चीन.

चिनी वैद्यकात प्रत्येक औषधाची चव आणि त्याचा उष्ण-शीत गुण प्रथम सांगण्याची रीत आहे. जायफळ तेथे तिखट व उष्ण मानले जाते. पोटात शिरलेली थंडी ते घालविते, वायू सारते आणि पातळ झालेला कोठा आवरते, असे ते वैद्य सांगतात. मिंग राजवटीच्या काळापासून प्रसिद्ध असलेली एक गोळी आहे, तिचे नाव 'स-शन-वान', म्हणजे चार दिव्य औषधांची गोळी. पहाटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास ज्यांना रोज जुलाब होतात, त्यांच्यासाठी ती सांगितलेली आहे. शरीरातील अग्नी मंद झाला की रात्र संपता संपता थंडी सर्वांत जास्त जाणवते आणि कोठा तिला टिकत नाही, अशी त्यामागची कल्पना. ह्या चारांपैकी एक जायफळ. दुसरे औषध आपल्या ओळखीचे निघते: बावची. तिचे चिनी नाव संस्कृत 'बाकुची' ह्या शब्दावरूनच गेले, असे विद्वानांचे मत आहे. औषध गेले ते नाव बरोबर घेऊन गेले.

चिनी औषधविक्रेते जायफळ तसेच कच्चे वापरीत नाहीत. कणकेच्या गोळ्यात ते गुंडाळून गरम राखेत वा कढईत भाजतात. कणीक करपली की ती फेकून देतात. जायफळातील जास्तीचे तेल त्या कणकेत उतरलेले असते. ह्या कृतीमागे शहाणपण आहे. जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचे द्रव्य असते. जायफळ जास्त पोटात गेल्यास उलट्या, छातीत धडधड आणि भ्रम होतो, हे आधुनिक वैद्यकाने दाखवून दिले आहे. जाता जाता पालकांना विनंती: तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून पाजण्याची चाल अद्याप आढळते. ती सोडावी. मुलाला बरे नसेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

विशेष असे की, एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या वैद्यकांनी ह्या बीजाबद्दल जवळजवळ एकच निकाल दिला. आयुर्वेदाने 'जातिफल' उष्ण व ग्राही ठरविले. इब्न सीना ह्यांच्या 'कानून' ह्या ग्रंथात 'जौजबुवा' ह्या नावाने ते येते आणि तेथेही ते उष्णच. आपल्या युनानी हकिमांच्या दुकानात आजही बरणीवर हेच नाव लिहिलेले असते, व शेजारच्या बरणीवर 'बसबासा', म्हणजे जायपत्री. एकाच फळातील ही दोन द्रव्ये. जर्दाळूएवढे पिवळसर फळ पिकले की उकलते. आत लालभडक जाळी असते ती जायपत्री आणि जाळीच्या आत कठीण कवचात जे बी असते ते जायफळ.

आता चिनी ग्रंथात ते केव्हा शिरले ते पाहू. इ. स. ७३९ च्या सुमारास चेन त्सांग-ची नावाच्या वैद्याने पूर्वीच्या औषधी ग्रंथांत जी द्रव्ये राहून गेली होती त्यांचा एक पुरवणी ग्रंथ लिहिला. त्यात जायफळ आहे. त्याने काय नोंदले? की ही वस्तू चीनमध्ये होत नाही; मोठी गलबते आली की मिळते; आणि ती परकीयांच्या मुलखातील असून ते लोक तिला 'च्या-च्यू-ल' म्हणतात. हा उच्चार अरबीतील 'काकुल्ला' ह्या शब्दाचा असल्याचे विद्वान मानतात. काकुल्ला म्हणजे वेलदोडा. चिनी भाषेतही जायफळाला 'रौ-दौ-कौ' म्हणतात, म्हणजे 'मांसल वेलदोडा'; कवच फोडून आतला सारा गर वापरावयाचा म्हणून मांसल. नवीन वस्तू आली की तिला जुन्याच वस्तूच्या घरात जागा देणे ही सर्व भाषांची खोड आहे.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या छोट्या नोंदीकडे नीट पाहा. एक वैद्य आपल्या देशात न होणाऱ्या वस्तूची दखल घेतो, ती कोणत्या मार्गाने येते ते लिहितो आणि आणणारे तिला काय म्हणतात तेही लिहून ठेवतो. परकीयांचा शब्द आपल्या ग्रंथात आला म्हणून त्याला कमीपणा वाटला नाही. ह्या एका सवयीमुळे आज पावणेतेराशे वर्षांनंतर आपल्याला त्या गलबतांचा पत्ता लागतो.

ती गलबते कोणाची? अरबांची, इराण्यांची, मलायी लोकांची. इराकमधील बसरा आणि इराणी आखातावरील सिराफ येथून निघून हिंदुस्थानच्या किनाऱ्याने, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून ती कँटन बंदरी जात. ८५१ साली लिहिल्या गेलेल्या एका अरबी वृत्तांतात ह्या मार्गाचे वर्णन आहे. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याचे नाव त्याला चिकटले आहे. कँटनमध्ये मुसलमान व्यापाऱ्यांचे तंटे सोडविण्यासाठी चिनी सरकारने त्यांच्यातलाच एक न्यायाधीश नेमला होता, असे त्यात सांगितले आहे. ८७९ मध्ये हुआंग चाओ ह्या बंडखोराने कँटन लुटले, परदेशी व्यापाऱ्यांची कत्तल झाली आणि काही काळ सिराफच्या गलबतांचे तेथे जाणे थांबले. मग अरब आणि चिनी व्यापारी मलाया द्वीपकल्पावरील कलाह बंदरात अर्ध्या वाटेवर भेटू लागले. व्यापार खुंटत नाही, वाट बदलतो.

ह्या वाटेवर आपले कोकणही होते. अल-मसऊदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७ मध्ये सैमूर येथे आला होता. सैमूर म्हणजे रायगड जिल्ह्यातील आजचे चौल. शिलाहार राजाच्या अमलाखालील त्या बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि येथेच जन्मलेलेही होते, असे त्याने लिहिले आहे. पूर्वेकडील 'महाराजा'च्या बेटांत कापूर, चंदन, लवंग, जायफळ आणि जायपत्री होते, हीसुद्धा त्याचीच नोंद. म्हणजे चौलच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला जायफळ पूर्वेच्या बेटांतून येते इतके ठाऊक होते.

परंतु कोणत्या बेटातून? येथे सगळे ग्रंथ अडखळतात. चेन त्सांग-ची परकीय मुलूख म्हणून थांबतो. ली शुन हा सिच्वान प्रांतात राहणारा, मूळ इराणी घराण्यातला लेखक. दहाव्या शतकाच्या सुमारास त्याने समुद्रापलीकडील औषधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या घरीच सुगंधी द्रव्यांचा व्यापार होता. त्याने जुन्या ग्रंथाचा हवाला देऊन जायफळाचा संबंध चक्क रोमच्या बाजूच्या मुलखाशी जोडला! १२२५ साली झाओ रू-ग्वा ह्या च्वानजौ बंदरातील सागरी व्यापाराच्या अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांना विचारून विचारून एक ग्रंथ तयार केला, त्यातही जायफळ आहे, पण बांदाचे नाव स्पष्ट नाही. अरबांचे काय? इब्न बतूता चौदाव्या शतकात त्या समुद्रातून गेला आणि त्याने बेधडक लिहिले की, लवंगेच्या झाडाचे फळ म्हणजे जायफळ, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिले! एवढा मोठा प्रवासी, पण झाड त्याने पाहिले नव्हते हे उघड आहे. मार्गावरचा प्रत्येक जण आपल्या आधीच्या माणसाकडून माल घेत होता. विकणाऱ्याचा मुलूख तोच पिकविणाऱ्याचा मुलूख समजला जात होता. आज आपण वाण्याचे नाव सांगतो, तसेच.

ग्रंथ मात्र वाढत होते. चीनमध्ये 'हुई-हुई याओ-फांग', म्हणजे मुसलमानांची औषधयोजना, नावाचा छत्तीस भागांचा मोठा ग्रंथ चिनी भाषेत तयार झाला. त्याचे चारच भाग आज शिल्लक आहेत. त्यात औषधांची नावे चिनी मजकुरात मधूनमधून अरबी लिपीत लिहिलेली आहेत. ली शी-झेन ह्यांनी १५७८ मध्ये पुरा केलेल्या आणि १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या महाग्रंथात १,८९२ द्रव्ये आली, त्यांत जायफळही होते. गुण, दोष, भाजण्याची रीत, पूर्वीच्या वैद्यांची मते, सारे काही. एक गोष्ट तेवढी नव्हती: ते झाड लावणारा माणूस.

तो माणूस कोण होता? बांदा हा लहान बेटांचा समूह आहे. लोंथोर, नैरा, आइ, रुन ही त्यांतली मुख्य; शेजारी गुनुंग आपी हा ज्वालामुखी. आइ बेटावरील उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या मडक्याच्या तुकड्यावर जायफळाचे अवशेष मिळाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या बेटांवर राजा नव्हता. 'ओरांग काया' नावाचे प्रमुख गावकरी एकत्र बसून कारभार पाहत. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज तेथे पोचले तेव्हा किनाऱ्यावरील वस्ती मुसलमान झालेली होती. हे लोक स्वतः जहाजे घेऊन मलाक्कापर्यंत व्यापाराला जात. बेटांवर भात पिकत नसे. जायफळाच्या बदल्यात ते तांदूळ, साबुदाण्याचे पीठ आणि हिंदुस्थानातील सुती कापड घेत. ज्याच्याजवळ तांदूळ व कापड असेल त्याला माल विकावयाचा, मग तो जावानीज असो की अरब, चिनी की मलायी: हा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब डच ईस्ट इंडिया कंपनीला मानवला नाही. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या ह्या कंपनीने बांदाच्या प्रमुखांकडून करारांवर सह्या घेतल्या, की जायफळ फक्त आम्हांलाच, आम्ही ठरवू त्या भावाने विकावे. बदल्यात आणले काय, तर लोकरीचे जाड कापड! विषुववृत्तावरच्या माणसाने ते अंगावर घालून काय करावे? कंपनीचा तांदूळ पुरेसा येईना, म्हणून बांदावाले पूर्वीच्या गिऱ्हाइकांना आणि इंग्रजांना माल विकीत राहिले. डचांच्या लेखी हा करारभंग. १६०९ मध्ये डच नौदलाचा प्रमुख व्हेरहूफ नैरा बेटावर किल्ला बांधावयास आला असता त्याला व त्याच्या साथीदारांना बांदाच्या लोकांनी ठार केले. हेही लपवू नये.

त्याचा सूड बारा वर्षांनी उगवला गेला. १६२१ मध्ये गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून तेरा मोठी गलबते, सोळाशेवर सैनिक आणि भाडोत्री जपानी शिपाई घेऊन बांदावर उतरला. लोंथोर पडले. सेलामोन गावातील मशीद डच अधिकाऱ्याने आपल्या मुक्कामासाठी ताब्यात घेतली. एप्रिलमधील एका रात्री त्या मशिदीतील टांगता दिवा खाली पडला. आवाजाने दचकलेल्या डचांना वाटले, हा हल्ल्याचा इशारा. कटाचा आरोप ठेवण्यात आला. पकडलेल्या ओरांग काया मंडळींचा छळ करून कबुलीजबाब घेतले गेले आणि ८ मे रोजी नैरा येथील किल्ल्याजवळ जपानी शिपायांच्या तलवारींनी त्यांची मुंडकी उडविण्यात आली. गावे जाळली गेली. डोंगरात पळालेले उपासमारीने मेले, कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, शेकडो बायकामुले-पुरुष गुलाम म्हणून बटाव्हियास नेले गेले. बेटांवर पूर्वी सुमारे पंधरा हजार वस्ती होती आणि नंतर हजाराच्या आसपास उरली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

पुढे कंपनीने जमिनीचे ६८ तुकडे पाडून डच वसाहतवाल्यांना वाटले आणि कामाला दुसरीकडून गुलाम आणले. पण झाडाची कला गुलामांना येत नव्हती. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. रोप लावल्यावर सात-आठ वर्षे थांबावे लागते. सावलीसाठी कोणती उंच झाडे राखावी हे जाणावे लागते. म्हणून वाचलेल्या थोड्या बांदावाल्यांना ठेवून घेतले गेले, ते शिकविण्यासाठी. रोप बाहेर जाऊ नये म्हणून जायफळे चुन्याच्या पाण्यात बुडवून मगच जहाजावर चढवीत, म्हणजे ती रुजू नयेत.

कून ह्याचा पुतळा त्याच्या गावी, हॉलंडमधील होर्न येथे, १८९३ साली उभारला गेला. अलीकडे त्यावरून त्याच देशात मोठा वाद झाला आहे, ही समाधानाची गोष्ट म्हणावी लागेल. रुन बेटाची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल: १६६७ च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी ह्या बेटावरील हक्क सोडला आणि डचांनी अमेरिकेतील मॅनहॅटनवरचा. लोक ही अदलाबदल मोठ्या गमतीने सांगतात. रुनच्या मूळ रहिवाशांना ह्या तहाबद्दल कोणी विचारले नव्हते.

मक्तेदारी शेवटी मोडलीच. प्येर प्वाव्हर ह्या फ्रेंच माणसाने १७७० च्या सुमारास चोरून आणविलेली रोपे मॉरिशसला लावली. नंतर नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांनी बांदा ताब्यात घेतले आणि रोपे पेनांगला, श्रीलंकेला, हिंदुस्थानात नेली. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा देशाच्या झेंड्यावर तर आज जायफळाचे चित्र आहे. आपल्याकडे केरळात त्याच्या मोठ्या बागा झाल्या. कोकणातही नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून जायफळ घेतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' अशा जाती काढल्या आहेत. ज्यांची बागाईत आहे अशा पालकांनी त्यांची माहिती जरूर घ्यावी. झाड सावलीत येते आणि पुष्कळ वर्षे फळ देते.

आणि बांदाचे लोक? १६२१ मध्ये होड्या घेऊन जे निसटले, त्यांतले काही सेराम बेटावर गेले, काही त्याहून पूर्वेस केइ बेटांवर. तेथे बांदा एली आणि बांदा एलात अशी दोन गावे त्यांनी वसविली. ती आजही आहेत, त्यांची वस्ती मुसलमान आहे आणि बांदाची मूळ भाषा त्याच गावांत बोलली जाते. खुद्द बांदा बेटांवर ती आता कोणी बोलत नाही. बांदा एलीच्या म्हाताऱ्या माणसांना पूर्वजांच्या समुद्रप्रवासाची गाणी येतात. टिमो कार्टिनेन ह्या फिनलंडच्या अभ्यासकाने त्या गावी राहून ती ऐकली आणि २०१० साली त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.